बमरोलीच्या शेठची लांब दोरी

पहिल्याच दिवशी मी गिऱ्हाइकाला सांगते, की कुत्र्यासाठी तीसेक फुटांची दोरी लागेल. बहुतेकांचा चेहरा बघण्यासारखा होतो. "ताई, कुत्रा पाळलाय, विहीर नाही खोदायची," असं एका डॉक्टरांनी मला ऐकवलं होतं. त्यांचा कुत्रा पुढे कालव्याच्या कडेला म्हशींच्या मागे गेला आणि डॉक्टर त्याच्या मागे गेले. दोघेही चिखलाने माखून परत आले, आणि मग दोरी आली.

मी सुरतेतल्या लिंबायतची. लग्न होऊन धुळ्याकडून सुरतेला आले तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करत, तेच मीही करायचे. वेसूतल्या एका बंगल्यात लॅब्रेडॉर फिरवायला बाई हवी आहे असं कळलं, म्हणून गेले. पहिला महिनाभर त्या लॅब्रेडॉरनेच मला फिरवलं. त्याला शिकवायला एक निवृत्त फौजी यायचे. मी पाणी द्यायच्या निमित्ताने शेजारी उभी राहायची आणि ऐकायची. फौजींना ते कळत होतं. एके दिवशी त्यांनी माझ्या हातात दोरी दिली आणि स्वतः खुर्चीत बसले. तिथून माझा धंदा सुरू झाला. आता गुडघे बोलायला लागलेत, म्हणून नवीन काम घेत नाही. पण लोक अजून फोन करतात आणि "कुत्रावाळां बेन छे?" असं विचारतात. घरात माझ्या सुनेला ते फार लागतं. मला नाही लागत.

आमचं काम काय असतं, ते आधी सांगते. बसणं, पंजा देणं, लोळून दाखवणं हे सगळं पाहुण्यांसाठी असतं. कुत्र्याचा जीव वाचवणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे हाक मारल्यावर परत येणं. कुत्रा पायाशी असताना "ये" म्हटलं तर तो येतोच. बिचारा जाणार कुठे? लांब गेल्यावर, समोर मांजर असताना, कचऱ्यात माशाचं डोकं दिसत असताना तो वळतो का, हा खरा प्रश्न. मोकळं सोडून बघावं तर तो येत नाही, आणि आपण चपला हातात घेऊन रस्त्यावर धावत असतो. म्हणून लांब दोरी. कुत्र्याला वाटतं मी मोकळा आहे, आणि दोरीचं टोक आपल्या पायाखाली असतं.

या दोरीने ओढून आणायचं नसतं. कुत्रा निघूनच जात असेल तर त्याला थांबवण्यापुरती ती आहे. यायचं ते त्याने स्वतःच्या पायांनी. आला की उकडलेलं अंडं, चिकनचा तुकडा, त्याला जे आवडेल ते द्यायचं. हाक एकदाच मारायची. दहादा मारली की कुत्रा ती पंख्याच्या आवाजासारखी ऐकतो.

आणि बटणवाली दोरी आणायची नाही. पर्वत पाटियाजवळ साड्यांचे एक व्यापारी होते, त्यांचा बीगल होता. त्यांनी ती चक्रीसारखी, आपोआप आत गुंडाळली जाणारी दोरी आणली, कारण ती दिसायला छान होती. पहिल्याच फेरीत हँडल त्यांच्या हातातून सुटलं. आत स्प्रिंग असते, त्यामुळे ते हँडल खडखडत कुत्र्याच्या मागे निघालं. बीगलला वाटलं, कुणीतरी आपला पाठलाग करतंय. तो जितका जोरात पळे, तितकं ते जोरात मागे येई. पार्सलांच्या हातगाडीखालून, चहावाल्याच्या स्टुलांमधून तो एका दुकानात शिरला, गिऱ्हाइकांसाठी अंथरलेल्या पांढऱ्या गादीवर चढला, आणि घाबरलेला कुत्रा जे करतो ते त्याने उघडून ठेवलेल्या बांधणीवर केलं. व्यापारी मला म्हणाले, "बेन, कुत्रो बगडी गयो." मी म्हटलं, "भाई, कुत्रा चांगला आहे. बिघडली ती बांधणी."

असे नमुने पुष्कळ भेटले. पण मनात घर करून बसला तो बमरोलीचा शेठ.

शेठ म्हणजे कुत्रा. तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला, गल्लीतच जन्मलेला. त्याचे मालक नाना, म्हणजे रघुनाथनाना, आमच्याच खानदेशातले. उभा जन्म पांडेसरा-बमरोलीच्या पॉवरलूमवर गेला. कारागीर म्हणून लागले आणि मुकादम म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर कारखान्याच्या शेठच्या नावाने मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. घरी बसल्यावर कुत्रा पाळला आणि त्याचं नाव शेठ ठेवलं. रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून "ए शेठ" म्हणायचं आणि पुढे एक शब्द जोडायचा. कुत्रा असेल तिथून सुसाट यायचा.

तो शब्द इथे लिहिता येत नाही. हा लेख छापणारा अंक घराघरांत जातो, असं संपादकांनी मला आधीच बजावलंय. मी त्यांना म्हटलं, शब्दही घराघरांतलाच आहे. पण त्यांनी ऐकलं नाही.

मग नानांच्या घशाचं ऑपरेशन झालं. तंबाखूने जीव ठेवला, पण आवाज नेला. गळ्याला भोक राहिलं आणि त्यावर पांढरा रुमाल आला. श्वास तोंडातून नाही, गळ्यातून चालतो, त्यामुळे शीळसुद्धा निघत नाही. नाना दवाखान्यातून घरी आले. शेठने त्यांना हुंगलं, चाटलं आणि नेहमीसारखा बाहेर पडला. संध्याकाळी नाना गल्लीच्या तोंडाशी गेले, तोंड उघडलं, आणि काहीच झालं नाही.

मला फोन केला तो त्यांच्या मुलाने, दीपकने. तो एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर काम करतो, सुरतेत जन्मलेला, निम्मं गुजराती बोलतो. मी गेले तेव्हा नाना पलंगावर होते, कोपराला पट्टी. शेठ टेम्पोच्या रस्त्याकडे गेला म्हणून नाना त्याच्यामागे धावले होते. हाक मारता येईना, म्हणून हात हलवत रस्त्यातच उतरले. टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला आणि नाना पडले.

"ताई, हवे बस, आता पुरे," दीपक म्हणाला. "दिवाळीला मामा येणार आहेत. कुत्रा त्यांच्यासोबत गावी पाठवतो. कुत्र्यापायी बाप घालवू का मी?"

तो चुकीचं बोलत नव्हता. नानांनी मात्र भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांची बायको सुमनबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "हाऊ कुत्रा नही शे व ताई, जवाई शे घरना. येस, खास, निघी जास." येतो, खातो, निघून जातो. जावयाचा मान सोडला तर वर्णन अगदी बरोबर होतं.

मी म्हटलं, दिवाळीपर्यंत मला द्या.

पहिला तंटा दोरीवरूनच झाला. मी पिशवीतून माझे नमुने काढून पलंगावर मांडले. नाना उठून बसले. जन्मभर कापड हाताळलेला माणूस. प्रत्येक दोरी बोटांत चोळून बघितली. पॉलिएस्टरची पट्टी दोन बोटांनी उचलून मेलेल्या उंदरासारखी बाजूला टाकली आणि सुती, जाड, गोल दोर छातीशी धरला. मी सांगितलं, की हा दोर जड आहे, पायात अडकेल, ओला झाला तर विचारू नका. नानांनी हात असा काही झटकला, की शब्दांची गरजच नव्हती. लूमच्या खटखटाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून सगळे कारागीर हातांनी बोलतात. माझे मिस्टरही लूमवरच होते, त्यामुळे मला ती भाषा बरीचशी कळते. नाना म्हणाले होते, 'धागा मला शिकवू नको.'

मिलच्या भिंतीमागे एक मोकळा प्लॉट आहे, तिथे आम्ही गेलो. नानांना अजून पळायची परवानगी नव्हती, म्हणून दोर सुमनबाईंच्या हातात दिला. आदल्या दिवशी टँकर उलटून प्लॉटमध्ये डबकं साचलं होतं. शेठ सरळ त्यात शिरला आणि दोरही त्याच्यामागे. पाणी पिऊन दोर इतका जड झाला, की कुत्र्याच्या मागे भिजलेली गोधडी ओढत चालल्यासारखं दिसत होतं. शेठ वैतागला आणि जोरात निघाला. सुमनबाईंनी दोर धरून ठेवला. तो त्यांच्या तळहातातून सरकत गेला आणि कातडी सोलून गेला. "ओ माय व!" म्हणून त्या खाली बसल्या. नाना त्यांच्याजवळ गेले, हात हातात घेऊन फुंकर घालायला गेले, आणि मग आठवलं की फुंकर येतच नाही. ते नुसतेच हात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी नाना स्वतःच दीपकच्या गाडीवर बसून माझ्याबरोबर पट्ट्यांच्या दुकानात आले. बॅगांना, दप्तरांना लावतात ती विणलेली चपटी पट्टी. बोटभर रुंद, हलकी, पाणी न धरणारी. चपटी असली की पायाभोवती आवळत नाही, हाताला कापत नाही. हूक लहान घ्यायचा, नाहीतर तो कुत्र्याच्या पायावर आपटत राहतो. टोकाला धरायचा फास ठेवायचा नाही, कारण फास झुडपात, दगडात अडकतो. त्याऐवजी थोड्या थोड्या अंतरावर गाठी मारायच्या, म्हणजे पट्टीवर पाय दिला की ती सटकत नाही. हाताला वेढे मारायचे नाहीत. माझी करंगळी वाकडी आहे ती एका जर्मन शेफर्डने फुकट शिकवलेला धडा आहे. आणि हूक गळपट्ट्यात नाही, छातीपट्ट्यात लावायचा. पूर्ण वेगात पट्टी संपली की झटका बसतो, तो मानेला बसू नये.

हे सगळं नानांनी मान हलवत ऐकलं. रंग मात्र स्वतः निवडला. भडक राणी. दीपक म्हणाला, "पप्पा, छोकरी जेवो लागसे." पण नाना बरोबर होते. धुळीत, गवतात, कचऱ्यात तो रंग लांबून दिसतो.

पट्टीचं जमलं, पण हाक कुठून आणायची? सायकलची घंटी घेऊन बघितली. शेठ दोन दिवसांत शिकला आणि मग गल्लीतल्या प्रत्येक दूधवाल्याकडे धावायला लागला. स्टीलच्या डब्यावर चमचा वाजवून बघितला. शेठ आला आणि त्याच्यासोबत बमरोलीतली निम्मी कुत्री आली. एक शेळीही होती. शेवटी टाळीवर आलो. नाना टाळी वाजवायचे, शेठ वळून बघायचा, आला की अंडं. पट्टी असल्यामुळे तो फार लांब जाऊ शकत नव्हता, आणि अंड्यामुळे जावंसंही फारसं वाटत नव्हतं. हळूहळू तो टाळीला यायला लागला. नानांच्या चेहऱ्यावर रंग आला.

तरी माझं समाधान होत नव्हतं. टाळी लांब पोहोचत नाही. बमरोलीत सतत काहीतरी आपटत, ठोकत, वाजत असतं. मी घरातल्यांना विचारलं, "तो आधी नक्की कशाला यायचा? नुसतं शेठ म्हटल्यावर?"

सुमनबाई उठून आत गेल्या. दीपक हसून म्हणाला, "नहीं ताई, वो पीछेवाला शब्द."

मी म्हटलं, मग तोच वापरायचा. कुत्र्याला त्या शब्दाचा अर्थ कळत नाही, त्याला सूर कळतो. दीपकने म्हणून बघितलं, पण त्याच्या तोंडून तो गुजराती निघाला. शेठने कान खाजवला. मी म्हणून बघितलं. शेठने माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या आईची मला आठवण आली. राहिल्या सुमनबाई. नानांना तो शब्द म्हणताना इतकी वर्षं रोज ऐकलेल्या त्या एकट्याच.

"माले नही जमाव," सुमनबाई आतूनच म्हणाल्या. "मी भजनी मंडळमा जास. चार बाया काय म्हणतीन?"

मी जास्त ताणलं नाही. टाळीवरच काम चालू ठेवलं.

दिवाळी तोंडावर आली. त्या संध्याकाळी प्लॉटमध्ये आम्ही सगळेच होतो. शेठ ओळीने तीन-चारदा टाळीला आला. मी पाठमोरी होऊन अंडं सोलत होते, तेवढ्यात दीपकने पट्टीचा हूक काढला. त्याला वाटलं, आता शिकला. सगळ्यांना तेव्हाच तसं वाटतं. इतक्या वर्षांत या एका घाईने मी जितके शिकत आलेले कुत्रे बिघडताना पाहिले, तितके वाईट दोरीनेही नाही बिघडले. पट्टी एकदम काढायची नसते. रोज थोडी कापून आखूड करायची, म्हणजे ती कधी संपली हे कुत्र्याला कळतच नाही. पण हे बोलायला मला वेळच मिळाला नाही.

भिंतीपलीकडे कुणीतरी फटाक्यांची लड लावली. शेठ जमिनीला चिकटला आणि दुसऱ्या क्षणी रस्त्याच्या दिशेने सुटला. प्लॉटच्या फाटकाबाहेर ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या कोऱ्या कापडाचे टेम्पो एकामागोमाग जात असतात. नाना टाळ्या वाजवू लागले. लडीच्या आवाजात त्या कुणाला ऐकू येणार? ते धावायला लागले. तोंड उघडं, मान ताणलेली, गळ्यावरचा रुमाल उडतोय, आणि आवाज नाही. दीपक त्यांना धरायला धावला. मी अंड्यासकट धावले. माझ्या गुडघ्यांच्या त्या धावण्याला काय म्हणायचं ते म्हणा.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"ए शेठ!" आणि पुढे तो शब्द. अख्खा, जसाच्या तसा, शेवटचं अक्षर ताणून.

मी वळून पाहिलं तर सुमनबाई कमरेवर पदर खोचून उभ्या होत्या, चेहरा लालबुंद.

शेठ फाटकात थांबला. एक कान उभा होताच, दुसराही उभा राहिला. तो वळला आणि आला. नानांच्या बाजूने, दीपकच्या बाजूने, माझ्या हातातल्या अंड्याच्या बाजूने सरळ सुमनबाईंकडे आला आणि त्यांच्या पायावर बसून थरथरत राहिला. सुमनबाईंनी खाली बसून त्याला दोन्ही हातांनी धरलं. आजवर त्यांनी त्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

फाटकाबाहेर एक पांढरी गाडी थांबली होती. मागच्या सीटवर कुणी कारखानदार असावेत. त्यांनी काच खाली करून इकडे पाहिलं, आपल्याला ही बाई असं का म्हणाली याचा विचार केला, आणि काच वर केली. त्याहून वाईट म्हणजे फाटकाशीच भजनी मंडळातल्या शकुंतलाबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. सुमनबाईंनी डोळे मिटून घेतले.

शकुंतलाबाई जवळ आल्या. म्हणाल्या, "सुमन, इतला वरना सूर लागस तुले, मंग भजनमा काब्र दबी गास?" भजनात दबून का गातेस, एवढंच विचारून त्या भाजी घ्यायला निघून गेल्या.

नाना जमिनीवर बसले होते. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. दीपक घाबरला, म्हणाला, "पप्पा, शुं थयुं?" मी म्हटलं, "काही नाही रे, हसतायत ते."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पट्टी लावायला सांगितली. एकदा आला म्हणजे शिकला असं नाही. आता रोज संध्याकाळी सुमनबाई हाक मारायच्या, नाना समोर उभे राहून हातांनी सूर सुधारायचे. इथे जोर दे. इथे ताण. हे अक्षर गिळू नको. एवढा संसार झाला, पण लूमवरच्या माणसांची ती हातांची भाषा सुमनबाईंना कधी आलीच नव्हती, कारण कारखान्यात त्या कधी गेल्याच नव्हत्या. शिवी शिकता शिकता ती आली. महिनाभरात नवरा-बायको हातांनी भांडायला लागले. दीपक म्हणाला, "ताई, घर मां बहु अवाज छे हवे." प्रत्यक्षात घर शांत असायचं.

मामा दिवाळीला आले, फराळ करून एकटेच गेले.

पट्टी कापत कापत हातभर उरली, तेव्हा मी शेवटची गेले. प्लॉटमध्ये मी हूक काढला. शेठ दुडक्या चालीने थेट कचऱ्याच्या ढिगाकडे गेला आणि तोंड खुपसून बसला. सुमनबाईंनी हाकेसाठी श्वास घेतला. नानांनी हाताने त्यांना थांबवलं आणि स्वतः पुढे झाले.

त्यांनी एक टाळी वाजवली. शेठने डोकं वर केलं, पाहिलं आणि पुन्हा खाली घातलं. मी सांगणार होते, की दुसरी वाजवू नका. पण नानांनी वाजवलीच नाही. ते नुसते उभे राहिले, हात खाली सोडून, जसा माणूस बसची वाट बघतो. बराच वेळ गेला. शेठ ढिगातून बाहेर आला, सावकाश, कुणी बोलावलंय म्हणून नाही, असा आव आणत. नानांपर्यंत चालत आला आणि तोंडातलं माशाचं कुजकं डोकं त्यांच्या पायावर ठेवलं.

माझ्या हातात अंडं तयार होतं, पण मी पुढे गेले नाही. नानांनी वाकून ते डोकं उचललं, दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं आणि शेठच्या पाठीवर थाप मारली. मग ते हातात तसंच धरून दोघे घराकडे चालू लागले. शेठ त्यांच्या पायाला घासून, वर बघत.

"आते दोन्हीसले आंघोय घालनी पडी," सुमनबाई म्हणाल्या आणि पाणी तापवायला त्यांच्या पुढे निघाल्या.